किन्सेल फितुरीने पडले नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आयर्लंडच्या १६०१ सालावरील आपल्या पुरवणीतील लेखात किन्सेल या बंदरात इंग्रजांकडून झालेल्या आयरिश बंडखोर आणि त्यांच्या स्पॅनिश मित्रांच्या पराभवाचे खापर व्हिस्कीच्या बाटलीसाठी बेत फोडणाऱ्या एका आयरिश सरदारावर फोडले आहे. कथा चविष्ट आहे. पण इंग्रज सेनापती माउंटजॉयला आगाऊ खबर मिळाली असे धरले, तरी पहाटे मैदानात जे घडले त्याचा उलगडा तिने होत नाही.

मुळात स्पॅनिश कुमक चुकीच्या टोकाला उतरली. बंडाचे बळ उत्तरेत अल्स्टरला, तर स्पॅनिश सेनापती देल आगिलाचे साडेतीनेक हजार सैनिक थेट दक्षिण किनाऱ्यावर किन्सेलला. तिथेच इंग्रजांनी त्यांना वेढले. खोगिरे आणली, घोडे नाहीत! बंदराच्या तोंडावरचे रिंकरन आणि कासलपार्क हे दोन्ही कोट नोव्हेंबरातच इंग्रजांनी घेतले, तेव्हा समुद्राकडूनही कोंडी झाली.

तरीही डिसेंबरात पारडे बंडाचा म्होरक्या ओ'नील याच्याकडे झुकले होते. बेट उभे ओलांडून तो इंग्रज छावणीच्या पाठीशी येऊन बसला आणि वेढा घालणाराच वेढ्यात सापडला. रोगराईने माणसे मरत होती, घोड्यांना वैरण नव्हती. आणखी थोडे दिवस थांबणे हाच शहाणपणा होता, पण त्याचा साथीदार सरदार ओ'डॉनेल आणि देल आगिला यांना हल्ल्याची घाई होती.

रात्रीच्या वादळी कूचमध्ये तिन्ही तुकड्यांची चुकामूक झाली. १५९८ मध्ये यलो फोर्डला याच ओ'नीलने दलदल, खंदक आणि झाडीच्या आडोशाने इंग्रज सेनानी बॅगेनलची फौज कापून काढली होती. गनिमी काव्यात मुरलेले ते सैन्य इथे मोकळ्या रानात स्पॅनिश पद्धतीच्या भालाईतांच्या चौकोनांत उभे केले गेले. इंग्रज घोडदळाचा पहिला हल्ला भाल्यांनी परतवला, पण पुढच्या हल्ल्यात आयरिश स्वार उधळले, ते आपल्याच पायदळात घुसले आणि फळी फुटली. शहरातले स्पॅनिश वेळेवर बाहेर पडलेच नाहीत.

लेखात २४ डिसेंबर १६०१ आणि ३ जानेवारी १६०२ अशा दोन लढाया दाखवल्या आहेत. लढाई एकच. इंग्रज जुने ज्युलियन कॅलेंडर वापरत, स्पॅनिश ग्रेगरियन. फरक दहा दिवसांचा.

शिवाय ही 'इंग्रज विरुद्ध आयरिश' अशी सरळ झुंज नव्हती. माउंटजॉयच्या बाजूने त्या सकाळी लढलेल्यांत क्लॅनरिकार्डचा अर्ल रिचर्ड बर्क होता, आयरिश आणि कॅथलिक. लेखात त्याचे नावही नाही.

आपला,
एक वाचक