मृतदेहांमुळे साथ पसरत नाही

संपादक महोदय,

भूकंप, महापूर किंवा दरड कोसळल्याची बातमी आली, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एक वाक्य हमखास छापून येते : 'मृतदेहांमुळे रोगराई पसरण्याची भीती'. हे वाक्य चुकीचे आहे आणि त्याचा त्रास वाचलेल्या माणसांनाच होतो, म्हणून हे पत्र.

आपत्तीनंतर साथी येतात त्या दूषित पाणी, दाटीवाटीच्या छावण्या आणि अपुरी शौचालये यांमुळे. चिरडून किंवा बुडून मेलेल्याच्या अंगात साथीचे जंतू सहसा नसतात. असले तरी बहुतेक जंतू मृत शरीरात फार काळ तग धरत नाहीत. कॉलरा किंवा इबोलाने मृत्यू आला असेल तर गोष्ट वेगळी. मृतदेह हलवणाऱ्यांनी हातमोजे आणि गमबूट घालावेत, हात साबणाने धुवावेत. पाणवठ्यात मृतदेह पडला असेल तर ते पाणी शुद्ध केल्याशिवाय पिऊ नये. देहांवर चुना किंवा जंतुनाशक फवारून काहीच साधत नाही.

पण भीती पसरली की जेसीबीने खड्डे खणले जातात. २०१०च्या भूकंपानंतर हैतीमध्ये हजारो देह ओळख न पटवताच सामूहिक खड्ड्यांत पुरले गेले. सप्टेंबर २०२३मध्ये लिबियातील डेर्ना येथे धरणे फुटली, तेव्हाही तीच घाई सुरू झाली. अखेर जागतिक आरोग्य संघटना आणि रेडक्रॉसला सामूहिक दफने थांबवा, असे जाहीर आवाहन करावे लागले.

उष्ण हवेत १२ ते ४८ तासांत चेहरा ओळखण्यापलीकडे जातो. जे करायचे ते त्याआधीच. प्रत्येक देहाला एक क्रमांक, न भिजणाऱ्या चिठ्ठीवर लिहून देहालाच बांधलेला. मग फोटो : चेहरा समोरून, पूर्ण अंग, कपडे, गोंदण किंवा जुना व्रण. प्रत्येक फोटोत तो क्रमांक दिसलाच पाहिजे, नाहीतर दोनशे फोटोंतून कोणता कोणाचा हे पुढे कोणी सांगू शकत नाही. अंगावरच्या वस्तू त्या देहासोबतच ठेवायच्या. हे काम मोबाइल आणि वही हाताशी असलेला, थोडेफार शिकवलेला स्वयंसेवकही करू शकतो. शीतगृह नसेल तर तात्पुरते दफन करावे, पण प्रत्येकाचे स्वतंत्र, एकाच थरात आणि जागेची नोंद ठेवून. म्हणजे नंतर देह बाहेर काढता येतो.

ओळख पटली नाही तर माणूस कागदोपत्री 'बेपत्ता' राहतो. मृत्यूचा दाखला नाही, म्हणून विमा, वारसा, नुकसानभरपाई सगळे अडकते, कधीकधी वर्षानुवर्षे. घरचे मात्र या रुग्णालयातून त्या छावणीत फोटो घेऊन फिरत राहतात. मला तर ही दुसरी आपत्तीच वाटते, आणि तीही माणसाने आणलेली.

मदतकार्याच्या आराखड्यात अन्न, पाणी, निवारा यांची जबाबदारी कोणावर तरी असते. मृतांच्या नोंदीची जबाबदारीही एका व्यक्तीवर आधीच सोपवलेली असावी. ऐनवेळी ती कोणीच घेत नाही. आणि आपल्याला विनंती : यापुढे अशा बातमीत रोगराईच्या भीतीऐवजी मृतांची नोंदवही आणि फोटो नातेवाइकांना कुठे पाहता येतील, तो पत्ता छापावा.

आपला,
एक वाचक