प्रमाणपत्रावर तुमची सही नाही, म्हणून हे पत्र

मॅडम,

सा. न. वि. वि.

वीस वर्षं छापखान्यात ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ टाइप करण्यात गेली, त्यामुळे पत्राचा मायना आपोआप हाताखाली येतो. पुढचं मात्र तीनदा लिहून खोडलं.

आपलं डिजिटल मार्केटिंगचं बारा आठवड्यांचं बूटकॅम्प संपून चार महिने झाले. प्रमाणपत्र बायकोने लॅमिनेट करून आणलं. त्यावर संचालकांची सही आहे, गोल सोनेरी शिक्का आहे आणि माझ्या आडनावातला रफार एक अक्षर पुढे सरकलाय. तुमचं नाव कुठेच नाही. इथेही ते घालत नाही, कारण तुम्हाला आवडणार नाही हे ठाऊक आहे. आपल्या बॅचची पोरं दोन ओळींत ओळखतील.

पहिल्या दिवशी सांगलीच्या विश्रामबागेतल्या त्या तिसऱ्या मजल्यावर मी धापा टाकत आलो, तर दारातल्या मुलीने विचारलं, “काका, कोणाला सोडायला आलात?” वय ४३. बाकी सगळी विशी-बाविशीची. तेव्हापासून सगळ्या बॅचचा मी काका झालो. तुम्ही मात्र माझ्या आडनावाला ‘सर’ लावायचात. माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान असलेल्या शिक्षिकेने मला सर म्हणायचं, याने मी इतका अवघडून जायचो की आठवडाभर प्रश्नच विचारले नाहीत. ही एक तक्रार नोंदवून ठेवतो.

खाली जिन्यात मोठा फलक होता, ‘१०० टक्के नोकरीची हमी’. तुम्ही पहिल्याच तासाला सांगितलंत, “तो फलक मी लावलेला नाही. नोकरीची हमी मला देता येणार नाही. बारा आठवड्यांनी प्रत्येकाकडे एका खऱ्या गिऱ्हाइकाचं केलेलं काम असेल, एवढं मी बघते.” दोघं जण लगेच फी परत मिळते का विचारायला खाली गेले. मिळत नव्हती. मी बसून राहिलो, कारण मला जायला जागाच नव्हती. पूर्वी लग्नाच्या पाचशे पत्रिका छापून घेणारा माणूस आता पन्नास घेतो. देवापुढे ठेवायला आणि मोठ्या माणसांच्या हातात द्यायला. बाकी सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर. मालकांनी मला अर्ध्या दिवसावर आणलं होतं.

दुसऱ्या आठवड्यातला तो दिवस तुम्हाला कदाचित आठवतही नसेल. वेबसाइटसाठी मजकूर लिहायचा होता. मी शहाणपणा करून घरी पेजमेकरमध्ये, माझ्या जुन्या फॉन्टात, छान दोन पानं टाइप करून आणली. वेबसाइटच्या चौकटीत पेस्ट केली आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा नुसता उकिरडा. मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं. तुम्ही खुर्ची ओढून शेजारी बसलात आणि माझे वडील काय करायचे ते विचारलंत. म्हटलं, कंपॉझिटर होते, छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. “मग तुम्हाला लगेच कळेल,” म्हणालात. “या फॉन्टात अक्षर मराठी दिसतं, पण ठेवलेलं असतं इंग्रजी अक्षराच्या खणात. तो फॉन्ट नसलेल्या मशीनला इंग्रजीच दिसणार. युनिकोडमध्ये मराठीला स्वतःचे खण आहेत.” खण! वडिलांच्या टाइपाच्या केसा, खिळे ठेवायच्या त्या खणाखणांच्या पेट्या, डोळ्यांपुढे आल्या. कुठला खिळा कुठल्या खणात, हे ते न बघता सांगायचे.

पण कळणं वेगळं आणि हाताला वळण लागणं वेगळं. वीस वर्षं पहिली वेलांटी आधी मारायची आणि मग अक्षर, ही टाइपरायटरची सवय. युनिकोडच्या इनस्क्रिप्ट कीबोर्डवर आधी अक्षर, मग वेलांटी. माझ्या गावाच्या नावाची सुरुवातच पहिल्या वेलांटीने! ‘मिरज’ लिहायला गेलो की वेलांटी एकटीच ठिपक्यांच्या गोलावर जाऊन बसायची आणि शेजारी ‘मरज’. रफाराचं उलट. तो मी अक्षरानंतर द्यायचो, इथे आधी र, मग हलन्त, मग अक्षर. तुम्ही रोज शेवटची पंधरा मिनिटं माझ्यासाठी थांबायचात. तुमची पावणेआठची बस चुकायची आणि मला ते पाचव्या आठवड्यात दुसऱ्याकडून कळलं.

त्यानंतर तुम्ही एक खोडी केलीत. मराठी एसएमएस एका वेळी ७० अक्षरांचा, इंग्रजी १६० चा, हे शिकवलंत आणि सगळ्यांच्या जाहिराती कापायला माझ्याकडे पाठवायला लागलात. ‘मिरजेचा तंबोरा’ डोळ्याला सात अक्षरं दिसतात. मशीन काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, मधली मोकळी जागा सगळं मोजतं, म्हणजे १४. पत्रिकेत आत्या-मामांची नावं कोंबायचा सराव असल्यामुळे मला हे काम खेळासारखं वाटलं. मागच्या बाकावरचा तो फिसकन हसणारा पोरगा माझ्यापुढे मोबाइल घेऊन उभा राहायला लागला, “काका, चार अक्षरं जास्त होतायत.”

खरं गिऱ्हाईक म्हणून मी आमच्या मिरजेतले तंबोरे बनवणारे चाचा धरले. वेबसाइट जमली. मी वर ठळक टाकलं होतं की मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तुम्ही ते खाली ढकललंत. घेणाऱ्याला आधी काय हवं असतं ते चाचांनाच विचारून या, म्हणालात. चाचांनी एका दमात सांगितलं. बाईंचा की पुरुषांचा, कुठल्या पट्टीचा, आणि पार्सलात भोपळा फुटणार नाही ना.

मग जाहिरात. चाचांनी पाच हजार रुपये दिले होते. मी गुगल अ‍ॅड्सवर ‘तानपुरा’ हा कीवर्ड ब्रॉड मॅचमध्ये, म्हणजे त्याच्याशी जुळणाऱ्या कुठल्याही शोधावर जाहिरात दिसेल असा, टाकला आणि शुक्रवारी संध्याकाळी निर्धास्त घरी गेलो. सोमवारी दोनशेच्या वर क्लिक! मी वर्गात मोठ्याने सांगितलं. फोन किती आले, तुम्ही विचारलंत. एकही नाही. क्लिकागणिक पैसे कापले जाऊन २,६०० रुपये संपले होते. तुम्ही सर्च टर्म्स रिपोर्ट, म्हणजे क्लिक करणाऱ्यांनी काय शोधलं होतं त्याची यादी, उघडलात आणि म्हणालात, मोठ्याने वाचा. ‘तानपुरा अ‍ॅप.’ ‘फ्री तानपुरा डाउनलोड.’ ‘ऑनलाइन तानपुरा सी शार्प.’ रियाजाला मोबाइलवर काळी एकचा सूर लावून बसणारी सगळी पोरं! त्यांना ना भोपळा हवा, ना तून लाकूड. वाचता वाचता माझा आवाज बारीक होत गेला. जन्म मिरजेत गेला, आणि हे डोक्यात आलं नाही.

मला वाटलं होतं तुम्ही सांभाळून घ्याल. तुम्ही म्हणालात, “हे चाचांना जाऊन सांगा. आजच. मी येत नाही.” त्या क्षणी मला तुमचा भयंकर राग आला होता, हेही लिहूनच टाकतो.

चाचा जवारी लावत, म्हणजे तारेचा झंकार जुळवत, बसले होते. घोडीवर, तारेखाली सुताचा दोरा घालून केसभर पुढे, केसभर मागे. मी बोलून संपेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. एकदम सूर उघडला, झणझणीत, आणि मग म्हणाले, “फुकट ऐकून जाणारे दुकानात पण येतात. पण त्यांच्या भाड्याचे पैसे मी देत नाही. राहिलेल्या पैशात बघ.”

दुसऱ्या दिवशी निगेटिव्ह कीवर्डची, म्हणजे शोधात जे शब्द असतील तर जाहिरात दाखवायची नाही त्यांची, यादी केली. अ‍ॅप, फ्री, डाउनलोड. मी ‘ऑनलाइन’ही घातला होता. तुम्ही तो काढायला लावलात. तानपुरा ऑनलाइन विकत घेणारा असेल तर? ‘ऑनलाइन तानपुरा’ एवढीच जोडी फ्रेज म्हणून, म्हणजे शब्द याच क्रमाने आले तरच, अडवायला शिकवलंत. राहिलेल्या २,४०० रुपयांत क्लिक थोडे आले. फोन तीन. त्यातला एक बेळगावच्या गायन क्लासचा, त्यांना जोडी हवी होती. चाचांनी मला फोन करून फक्त “दोन” म्हटलं आणि ठेवून दिला.

आपल्या बॅचचं सांगायचं तर, तासगावची मुलगी आता बेदाण्याच्या एका व्यापाऱ्याचं सगळं ऑनलाइन काम बघते. दारात मला अडवणारी पुण्यात मुलाखती देत फिरतेय, अजून काही जमलेलं नाही. रात्री मला मजकूर तपासायला पाठवते. कुपवाडच्या एमआयडीसीत रात्रपाळी करून तुमच्या तासाला झोपणारा अजून रात्रपाळीच करतो, पण बहिणीच्या शिवणकामाचं बिझनेस प्रोफाइल त्याने एकट्याने उभं केलं. मी सकाळी छापखान्यात असतो आणि दुपारनंतर घरून तीन दुकानांचं काम करतो. आकडा सांगण्यासारखा अजून झालेला नाही. अर्ध्या दिवसाचा खड्डा भरला, एवढं खरं.

कुपवाडच्या त्या झोपाळूचं लग्न ठरलंय. पत्रिका मीच केली आहे, पहिल्यांदाच पूर्ण युनिकोडमध्ये. खाली किलबिलही आहे, त्याशिवाय त्याची भाची ऐकेना. प्रूफ सोबत जोडतोय. छपाई गुरुवारी आहे, तेवढा रफार बघून घ्या.

आपला,
मिरजेचा काका