एकट्या पुरुषालाही मूल दत्तक घेता येतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत 'मार्शियन चाइल्ड' या 2007 सालच्या अमेरिकी चित्रपटावरचा लेख वाचला. तिकीटबारीवर आपटलेल्या आणि आता जवळजवळ विसरल्या गेलेल्या या चित्रपटाची कुणाला तरी आठवण झाली, याचंच आधी बरं वाटलं. लेख वाचनीय आहे. पण शेवटच्या परिच्छेदात लेखक लिहून गेले आहेत की, 'आपल्याकडे एकट्या पुरुषाला मूल दत्तक मिळणं कायद्यानेच अशक्य आहे.' हे साफ चूक आहे. मी बरीच वर्षं एका दत्तक संस्थेत समाजसेविका होते. इच्छुक पालकांच्या घरी जाऊन त्यांचा अहवाल लिहिणं हेच माझं काम. त्यामुळे असं काही छापून आलं की गप्प बसवत नाही.

बाल न्याय अधिनियम 2015 मधलं कलम 57 उघडून पाहावं. अविवाहित किंवा घटस्फोटित व्यक्तीला दत्तक घेता येतं, असं तिथे स्पष्ट लिहिलं आहे. आडकाठी एकच : एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक घेता येत नाही. मुलगा घेता येतो. एकट्या स्त्रीला मुलगा, मुलगी दोन्ही. या कायद्याला धर्माचीही अट नाही. वयाची मात्र आहे. 2022 च्या नियमावलीप्रमाणे दोन वर्षांपर्यंतचं बाळ हवं असेल, तर एकट्या पालकाचं वय 40 च्या आत लागतं. मूल जसं मोठं, तशी ही मर्यादा वाढत जाते. चार ते आठ वर्षांच्या मुलासाठी ती 50 आहे आणि त्यापुढच्या मुलांसाठी 55. मूल आणि पालक यांच्यात किमान 25 वर्षांचं अंतर हवं. म्हणजे चित्रपटात एकट्याने मुलगा दत्तक घेणारा डेव्हिड आपल्या नाशिकचा असता, तर त्यालाही सहा वर्षांच्या मुलासाठी बिनदिक्कत अर्ज करता आला असता. आणि हे नुसतं कागदावर नाही. पुण्यात नोकरी करणाऱ्या इंदूरच्या एका अविवाहित इंजिनीअर तरुणाने डाउन सिंड्रोम असलेलं बाळ दत्तक घेतलं, त्याची बातमी 2016 मध्ये देशभर गाजली होती.

आता चित्रपटाबद्दल. कथा लेखात आली आहेच, तरी ज्यांनी लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. डेव्हिड हा विज्ञानकथा लिहिणारा विधुर. बालगृहात त्याला डेनिस भेटतो. हा मुलगा म्हणतो, मी मंगळावरून आलोय. दिवसभर पुठ्ठ्याच्या खोक्यात बसून राहतो, कारण ऊन सोसत नाही. पृथ्वीवरून उडून जाऊ नये म्हणून कमरेला बॅटरीच्या सेलचा जड पट्टा बांधतो. लोकांच्या वस्तू उचलतो, कारण त्याला माणसांचा अभ्यास करायचा आहे. जॉन क्युसॅक आणि बॉबी कोलमन या दोघांनी कामं सुरेख केली आहेत. (डेव्हिडच्या बहिणीच्या भूमिकेत क्युसॅकची सख्खी बहीण जोन आहे, त्यामुळे भावाबहिणीची तणतण अगदी घरातली वाटते.)

लेखकाने या कथेचं सार असं सांगितलं आहे : 'प्रेमाच्या बळावर एक विक्षिप्त मुलगा नॉर्मल होतो.' माझी खरी तक्रार इथे आहे. कायद्याची चूक एका ओळीत दुरुस्त होते, ही होत नाही. या समजुतीपायी आम्ही कितीतरी चांगले पालक कच खाताना पाहिले आहेत. प्रेम दिलं, सहा महिने झाले, मूल अजून 'सुधारत' नाही. म्हणजे आपलंच काही चुकतंय, नाहीतर मुलातच काही खोट आहे, असं त्यांना वाटू लागतं.

चित्रपट नीट पाहिला तर डेव्हिड काय करतो? खोक्यातल्या मुलाला 'बाहेर ये' म्हणून ओढत नाही. खोक्याजवळ बसून उन्हापासून वाचवणारं क्रीम आत सरकवतो. मग काळा चष्मा आणतो. तू मंगळावरचा आहेस की नाही हा वाद तो घालत बसत नाही. ऊन सोसत नाही ना, मग त्यावर काय करता येईल ते बघू, एवढंच. पुढे घरात काहीतरी फुटतं आणि पोर जागच्या जागी गारठतं, कारण आता आपल्याला परत पाठवणार हे त्याला अनुभवाने माहीत आहे. तेव्हा हा बाप उपदेश करत नाही, स्वतःच ताटल्या फोडायला लागतो. घरभर केचप आणि साबणाचा राडा. आणि नेमका तेव्हाच बालकल्याणचा अधिकारी खिडकीतून आत बघतो! मी स्वतः त्या खिडकीबाहेरच्या जमातीतली, त्यामुळे त्या प्रसंगाला जरा जास्तच हसले.

बालगृहातून सातव्या-आठव्या वर्षी घरात आलेलं मूल मंगळावरूनच आलेलं असतं. मला आठवतो तो मुलगा नव्या आईला कितीतरी दिवस 'मॅडम' म्हणायचा. 'मॅडम, पाणी पिऊ?' 'मॅडम, दिवा घालवू?' ताट पुढ्यात आलं तरी कुणीतरी 'वदनी कवळ' म्हणेपर्यंत घासाला हात लावायचा नाही. शेजारीपाजारी खूश, काय शिस्तीचा मुलगा मिळाला हो! आई एकटी, बँकेत नोकरीला. पाठपुराव्याच्या भेटीला गेले तर तिला रडू आवरेना. गेला आठवडाभर तो उलट बोलतोय, दारं आपटतोय, तिच्या पर्समधले पैसे त्याच्या दप्तरात सापडले. 'माझं काय चुकलं?' असं तिने विचारलं. काही चुकलं नव्हतं. पाहुणा म्हणून राहिलेलं पोर आता घरातलं झालं होतं आणि ही बाई आपल्याला खरंच ठेवणार का, हे तपासून बघत होतं. डेनिसच्या चोऱ्यांपायी शाळा त्याला काढून टाकते, तो भाग मी पाहते तेव्हा मला ते दप्तरच दिसतं.

म्हणूनच चित्रपटाचा मधला भाग मला सर्वांत खरा वाटतो, जिथे डेव्हिड स्वतः कचरतो. मूल त्याच्याकडे ठेवायचं की नाही हे ठरवणाऱ्या समितीपुढे जायची वेळ येते तेव्हा तोच मुलाला सांगतो, मंगळाचं आता पुरे, बाहेर तरी साध्या मुलासारखा वाग. पोरगं समितीपुढे मुकाट्याने सांगून मोकळं होतं की, मी सोंग घेत होतो. कागदोपत्री सगळं छान. त्यानंतर थोड्याच वेळात तो एका उंच घुमटाच्या कठड्यावर उभा असतो, मंगळावरून न्यायला येणाऱ्यांची वाट बघत. ज्याला लेखक 'नॉर्मल होणं' म्हणतात, त्याची किंमत दिग्दर्शक मेनो मेजेस यांनी इथे दाखवली आहे. शेवट मात्र त्यांनी जरा घाईघाईने गोड केला आहे, हे मान्य. हेलिकॉप्टरचा झोत, मिठी, डोळ्यांत पाणी. खरी घरं एवढ्या लवकर मार्गी लागत नाहीत.

लेखात न आलेली आणखी एक गोष्ट. ही कथा डेव्हिड जेरॉल्ड या लेखकाच्या स्वतःच्या अनुभवावर बेतलेली आहे. त्यांची दीर्घकथा 1994 ची. तिला ह्यूगो आणि नेब्युला हे विज्ञानकथेतले दोन्ही मोठे पुरस्कार मिळाले. जेरॉल्ड समलिंगी आहेत आणि त्यांनी एकट्याने मुलगा दत्तक घेतला. चित्रपटवाल्यांनी मात्र त्यांच्या जागी विधुर उभा केला आणि जोडीला एक मैत्रीणही दिली. म्हणजे मुलाला मंगळावरचा राहू द्या म्हणणाऱ्या चित्रपटाला बाप मात्र चारचौघांसारखाच हवा होता! आपण हसायला नको. भुसावळच्या न्यायालयाने एका घटस्फोटित शिक्षिकेला तिच्या बहिणीचं मूल दत्तक द्यायला नकार दिला होता. कारण काय, तर ती एकटी आणि नोकरी करणारी, मुलाकडे लक्ष कसं देणार? 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि असं कारण देणं म्हणजे कुटुंबाबद्दलची मध्ययुगीन समजूत असल्याचं सुनावलं. जिथे कायदा एकट्या पालकाला हो म्हणतो, तिथे खालची यंत्रणा आणि नातेवाईक 'पण' म्हणतात. गृहभेटीला गेलं की हा 'पण' हमखास चहाबरोबर समोर यायचा, बहुतेक वेळा आत्याकडून.

तेव्हा विनंती अशी की, या लेखाची दुरुस्ती पुढच्या रविवारी त्याच पुरवणीत, त्याच जागी छापावी. निरोगी तान्ह्या बाळासाठी तीन-तीन वर्षं रांगेत थांबणारी जोडपी आहेत. त्याच वेळी थोराड झालेली, अपंगत्व असलेली किंवा भावंडांपासून तुटायला नको म्हणून एकत्रच द्यायची मुलं संस्थांमध्ये वर्षानुवर्षं राहतात. अशा मुलाला बाप होऊ शकणारा एखादा पस्तिशी-चाळिशीतला एकटा माणूस आपला लेख वाचून 'आपल्याला तर कायद्यानेच नाही' म्हणून पान उलटून मोकळा झाला असेल. हे पत्र पत्रव्यवहाराच्या कोपऱ्यात जाईल आणि त्याच्या नजरेलाही पडणार नाही, म्हणून जागेचा एवढा आग्रह. अर्ज 'कारा'च्या, म्हणजे दत्तकाचं काम पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर स्वतःच भरता येतो, दलाल लागत नाही, हेही चौकटीत घातलंत तर बरं होईल.

कळावे,
आपली विश्वासू
एक निवृत्त समाजसेविका, नाशिक