राजूच्या गोळ्या आणि डॉक्टर केड

मेलबर्न

तीर्थरूप बाबा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "राजू आता ठणठणीत आहे, शाळेत शिकवायला जायला लागलाय, रात्री झोपतोय. मग त्या लिथियमच्या गोळ्या हळूहळू बंद करायला काय हरकत आहे?" तुमच्या शेजारी आत्या आणि पाहुणे बसलेले होते, त्यामुळे धड बोलता आलं नाही. पण प्रश्न फार मोलाचा आहे आणि तो फोनवर दोन वाक्यांत उरकण्यासारखा नाही. म्हणून सविस्तर लिहिते. हे पत्र राजूलाही वाचायला द्या. त्याच्यापासून लपवण्यासारखं यात काही नाही.

ही गोळी ज्या माणसामुळे जगाला मिळाली तो इथलाच, याच शहरात काम केलेला. डॉ. जॉन केड. राजूला उन्मादाच्या, म्हणजे मन बेभान होण्याच्या, आजारावर हे औषध सुरू झालं तेव्हापासून मी त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचत आले. माझ्या लॅबमध्ये तर रोजच कुणा ना कुणाचं लिथियमचं सॅम्पल येतं.

केडांचा जन्म १९१२ सालचा, व्हिक्टोरिया राज्यातल्या मर्टोआ नावाच्या छोट्या गावातला. वडीलही डॉक्टर. पहिल्या महायुद्धातून परत आल्यावर ते मनोरुग्णालयांत नोकरीला लागले आणि कुटुंब रुग्णालयाच्या आवारातच राहायचं. म्हणजे मनोरुग्ण हा या पोराच्या लेखी भीतीचा विषय कधी नव्हताच. ती रोजच्या बघण्यातली माणसं होती. मला वाटतं त्यांच्या पुढच्या कामाचं मूळ इथेच आहे. आपल्याकडे राजूला पहिल्यांदा त्रास झाला तेव्हा शेजारच्यांनी मुलांना आत बोलावून दारं लावून घेतली होती, ते आठवलं की अजूनही पोटात तुटतं.

पुढे ते डॉक्टर झाले, मनोविकारांकडे वळले आणि दुसऱ्या महायुद्धात सैन्यात गेले. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडलं आणि ते जपान्यांच्या हाती सापडले. चांगीच्या छावणीत साडेतीन वर्षं कैदेत काढली. तिथे उपासमार आणि आजारपणात माणसांची मनं बिघडताना त्यांनी जवळून पाहिलं, आणि या बिघाडामागे शरीरातलंच काही कारण असलं पाहिजे हा विचार त्यांच्या डोक्यात पक्का बसला. त्या काळी बहुतेकांचं म्हणणं असं, की हे सगळं स्वभावाचं, संगोपनाचं किंवा नशिबाचं. उपाय म्हणून होतं काय? कोंडून ठेवणं, गुंगीची औषधं, विजेचे झटके.

सुटून आल्यावर त्यांना मेलबर्नच्या उत्तरेला बंडूरा इथल्या माजी सैनिकांच्या मनोरुग्णालयात काम मिळालं. मी मुद्दाम ती जागा बघून आले. ८६ नंबरची ट्राम त्या बाजूला जाते. तिथला लाल विटांचा जुना बंगला आता कलादालन झालाय, भिंतींवर चित्रं लावलेली, बाहेर हिरवळीवर मुलं खेळत होती. केडांकडे प्रयोगशाळा अशी नव्हतीच. रुग्णालयातली एक वापरात नसलेली, स्वयंपाकाचं सामान ठेवायची खोली त्यांनी घेतली. मदतीला कुणी नाही, अनुदान नाही. रुग्णांच्या लघवीच्या बाटल्या ते घरच्या फ्रिजमध्ये ठेवायचे. आई, तू असं करू दिलं असतंस का बाबांना? त्यांच्या बायकोने, जीनने, करू दिलं. ती स्वतः नर्स होती.

त्यांचा तर्क असा, की उन्मादाच्या रुग्णाच्या अंगात काहीतरी विषारी द्रव्य जास्त साठत असणार आणि ते लघवीत उतरत असणार. ती लघवी त्यांनी गिनीपिगांना टोचून पाहिली. त्यातून ते लघवीतल्याच युरिया या द्रव्यावर आले आणि तिथून युरिक ॲसिडवर. युरिक ॲसिड पाण्यात विरघळता विरघळत नाही. त्याचा लिथियमबरोबरचा क्षार मात्र चांगला विरघळतो, म्हणून केवळ सोयीसाठी त्यांनी लिथियम वापरलं. आणि झालं भलतंच. विषाचा परिणाम वाढण्याऐवजी कमी झाला. मग नुसतं लिथियम कार्बोनेट देऊन पाहिलं, तर एरवी हात लावला की बिथरणारे ते प्राणी तासादोनतासांनी शांत होऊन पडले, उताणे केले तरी धडपडेनात. आज जाणकार म्हणतात की ती शांतता बहुधा जास्त मात्रेची गुंगी होती, आणि मूळचा विषाचा तर्कही टिकला नाही. पण जे दिसलं ते केडांनी सोडून दिलं नाही, हे त्यांचं मोठेपण. रुग्णांना देण्याआधी त्यांनी ते औषध स्वतः घेऊन पाहिलं.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं त्या माणसाकडे येते. केडांच्या लेखात त्याची फक्त आद्याक्षरं आहेत, डब्ल्यू. बी. वय ५१. पाच वर्षं सतत उन्मादात. वॉर्डातला सगळ्यांत त्रासदायक रुग्ण अशी त्याची ख्याती. वस्तू मोडायच्या, घाण करायची, दुसऱ्यांच्या भानगडीत पडायचं, झोप नाही. तो बरा होईल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. २९ मार्च १९४८ रोजी केडांनी त्याला लिथियम सुरू केलं. चौथ्या-पाचव्या दिवशी फरक दिसायला लागला. तीन आठवड्यांत तो बऱ्या होत आलेल्यांच्या वॉर्डात होता. इतकी वर्षं बंदिस्त वॉर्डात काढल्यामुळे मोकळ्या वातावरणाची त्याला सवय व्हायला थोडा वेळ लागला, पण ९ जुलैला तो घरी गेला आणि पूर्वीच्या नोकरीवर रुजूही झाला. बाबा, पाच वर्षं वॉर्डात घालवलेला माणूस साडेतीन महिन्यांत कामावर!

आणि मग त्याने नेमकं तेच केलं जे राजू म्हणतोय. बरं वाटतंय तर गोळ्या कशाला? आधी टाळाटाळ, मग अधूनमधून, मग पूर्ण बंद. जानेवारी १९४९ च्या शेवटी तो पुन्हा त्याच रुग्णालयात दाखल झाला, पूर्वीसारखाच. लिथियम पुन्हा सुरू केलं, पुन्हा काही आठवड्यांत माणसात आला.

केडांचा लेख ३ सप्टेंबर १९४९ ला ऑस्ट्रेलियाच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. उन्मादाचे दहा रुग्ण, दहाही सुधारले. हे सगळं त्यांनी सरळ, साध्या शब्दांत मांडलंय, आणि औषध थांबवल्यावर आजार उलटतो हेही त्याच लेखात आहे. म्हणजे आज राजूचे डॉक्टर जे सांगतात ते पहिल्या रुग्णापासून माहीत असलेलं आहे. तुम्हाला वाटतं तसं डॉक्टर उगाच औषधं लांबवत नाहीत. राजू आज शाळेत शिकवतोय तो त्या गोळीमुळेच. आजार गेला नाही, आवरून धरलाय. शिवाय या आजारात माणूस स्वतःच्या जिवाचं बरंवाईट करून घेईल ही धास्ती कायम असते, आणि लिथियमने ती कमी होते हे बऱ्याच अभ्यासांतून पुढे आलंय. गेल्या वर्षीची ती रात्र आपण तिघांनी कशी काढली ते मी पुन्हा लिहीत नाही.

पण डब्ल्यू. बी. ची गोष्ट इथे संपत नाही, आणि पुढचा भाग आई, तुझ्यासाठी आहे. १९५० च्या मे महिन्यात तो वारला. लिथियमच्याच विषबाधेने. ज्या औषधाने त्याला घरी नेलं त्यानेच. कारण लिथियम किती पुरे आणि किती जास्त यातलं अंतर फार थोडं असतं, आणि ते रक्तात मोजायची पद्धत तेव्हा रुजलेली नव्हती. त्याच सुमारास अमेरिकेत हृदयरोग्यांना मिठाऐवजी लिथियमचं मीठ दिलं जात होतं, कुणी किती खावं याला धरबंध नव्हता. लोक दगावले आणि १९४९ मध्येच तिथे त्यावर बंदी आली. केड स्वतःही धास्तावले होते. अमेरिकेने उन्मादासाठी लिथियमला परवानगी दिली ती थेट १९७० मध्ये. एक तर नाव खराब झालेलं, आणि दुसरं म्हणजे हा साधा क्षार, त्याचं पेटंट कुणाला मिळणार नाही, मग कंपन्या कशाला पदर खोचतील?

औषध तगलं ते दोन गोष्टींमुळे. मेलबर्नमध्येच नोॲक आणि ट्राउटनर या संशोधकांनी शंभरावर रुग्णांना लिथियम देताना रक्तातलं प्रमाण मोजत राहण्याचा रस्ता दाखवला, ते १९५१ साल. आणि डेन्मार्कमध्ये मोगेन्स शाऊ या डॉक्टरने १९५४ मध्ये काटेकोर चाचणी करून केडांचं म्हणणं खरं असल्याचं दाखवलं. शाऊंच्या सख्ख्या भावाला पुन्हापुन्हा उलटणारा खोल उदासीचा आजार होता, आणि लिथियमने त्याचं आयुष्य सावरलं. भावासाठी माणूस किती लांब जाऊ शकतो ते मला कुणी समजावून सांगायला नको.

म्हणून आई, रक्ततपासणीचा कंटाळा करू नका. मी इथे रोज ती तपासणी करते, तर नीट सांगते. रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचं. रात्री नऊला गोळी, तर सकाळी नऊला रक्त, आणि सकाळची गोळी त्यानंतर. आधी गोळी घेऊन गेला तर आकडा उगाच जास्त येतो आणि सगळे घाबरतात. आणखी एक, हे लॅबवाल्याला विनाकारण वाटलं तरी विचारा: हिरव्या झाकणाच्या नळीत रक्त घेऊ नये. त्या नळीत रक्त गोठू नये म्हणून जे हेपारिन असतं ते बहुतेक वेळा लिथियमचंच असतं, आणि मग रुग्णाचं आणि नळीचं लिथियम एकत्र मोजलं जातं. आमच्याकडे अशी नळी आली की आम्ही ती परत पाठवतो. बहुतेकांसाठी आकडा ०.६ ते १.० च्या दरम्यान हवा असतो. राजूसाठी नेमका किती ते त्याचे डॉक्टर सांगतील. त्याबरोबर थायरॉइड आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) हेही वेळच्या वेळी करा, कारण वर्षानुवर्षं घेताना थायरॉइड आणि मूत्रपिंड या दोहोंवर परिणाम होऊ शकतो.

आता नवरात्र तोंडावर आहे. राजू दरवर्षी नऊ दिवस अळणी उपास करतो. यंदा नको. आपलं मूत्रपिंड मीठ आणि लिथियम जवळजवळ सारखंच वागवतं. अंगात मीठ कमी पडलं की ते मीठ धरून ठेवतं आणि त्याबरोबर लिथियमही धरून ठेवतं, मग गोळी तीच असली तरी रक्तातलं प्रमाण चढतं. निर्जळी एकादशी, उन्हातली वारी, जुलाब-उलट्या, सगळ्यांत हाच धोका. देवीला मिठाचं खाऊन केलेला नमस्कारही पोचतो. आणि कंबर दुखली म्हणून तुझ्या डब्यातली गुडघ्याची गोळी त्याला देऊ नकोस. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक या गोळ्यांनीही लिथियम वाढतं. हात जोरात थरथरू लागले, बोलताना जीभ जड झाली, चालताना तोल जायला लागला, उलट्या सुरू झाल्या, तर पुढची गोळी न देता लगेच डॉक्टरांकडे न्या. बोटांना बारीक कंप आणि थोडी जास्त तहान हे मात्र पुष्कळांना असतं, त्याने घाबरून जाऊ नका.

आत्या म्हणते की राजूला सर्पगंधा ही औषधी वनस्पती द्यावी, त्याबद्दल. तिला सांगा, तिची गोष्ट कुणी हसण्यावारी नेलेली नाही. कलकत्त्याच्या सेन आणि बोस यांनी १९३१ मध्ये वेड आणि रक्तदाब या दोन्हींसाठी सर्पगंधेवर लिहिलं. आपल्या मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी केडांच्याच वर्षी, १९४९ मध्ये, रक्तदाबावरचे आपले अनुभव विलायतेत छापले, आणि जग जागं झालं. तिच्यातून निघालेलं रिसर्पीन पन्नासच्या दशकात मनोरुग्णालयांत भरपूर वापरलं गेलं. पण ते घेणाऱ्या काही जणांत खोल उदासी दिसू लागली आणि त्याहून बरी औषधं आली, म्हणून ते मागे पडलं. राजूला लिथियमच्या जोडीला डॉक्टरांना न विचारता कसलाही काढा देऊ नका, एवढंच.

लग्नाचं विचारलंत. बघा, जरूर बघा. राजू हुशार आहे, प्रेमळ आहे, त्याचा संसार चांगला होईल. पण मुलीला आणि तिच्या घरच्यांना आधी सांगायचं. गोळ्या बंद करून "काही नाही हो त्याला" असं दाखवायचं नाही. लपवलं तर लग्नाच्या धावपळीत जागरणं होणार, गोळ्या चुकणार, आणि या आजाराला जागरणासारखं दुसरं निमित्त नाही. कळूनही जी हो म्हणेल तीच आपली सून.

केड पुढे १९५२ पासून पंचवीस वर्षं इथल्या रॉयल पार्क रुग्णालयाचे प्रमुख होते. १९८० मध्ये गेले. शोध लावला म्हणून त्यांनी कधी मिरवलं नाही. पण आज राजूच्या तीनशे मिलिग्रॅमच्या गोळीमागे तो माणूस आहे, आणि त्याच्या आधी तो डब्ल्यू. बी. आहे. दोघांचे उपकार मानावेत असं मला मनापासून वाटतं.

राजू, तू हे वाचत असशील तर ऐक. तुला गोळी नकोशी वाटते हे मला कळतं. तुला वजन वाढल्यासारखं वाटतं, पूर्वीची ती झळाळी गेल्यासारखी वाटते, हे तू मला सांगितलंयस आणि ते खरं आहे. ते डॉक्टरांपुढे मांड. मात्रा कमी करता येते, वेळ बदलता येते, दुसरं औषध बघता येतं. फक्त एकट्याने ठरवू नकोस. आणि कधीही, कितीही वाजता, मला फोन कर. इथे रात्र असेल याचा विचार करू नकोस.

बाबा, पुढची रक्ततपासणी दसऱ्याच्या आत करून घ्या. रिपोर्टचा फोटो पाठवाल तेव्हा सॅम्पल घेतल्याची वेळ आणि आदल्या रात्री गोळी किती वाजता घेतली तेही लिहा, म्हणजे मला आकडा नीट वाचता येईल. डॉक्टरांची वेळ मिळाली की कळवा, मी व्हिडिओवर हजर राहीन.

आईच्या गुडघ्याची काळजी घ्या. आत्याला नमस्कार.

तुमची,
वैशू