अक्षर अचानक बिघडते तेव्हा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

दोन वर्षांपूर्वी चौथीतल्या एका मुलीला मी वर्गाबाहेर उभे केले होते, घाणेरड्या अक्षरासाठी. ते अजून मनातून जात नाही, म्हणून हे पत्र.

श्रावणात तिची वही मी इतर मुलांना दाखवत असे. दिवाळीची सुट्टी संपली आणि त्याच वहीत वेलांट्या ओळीबाहेर उडू लागल्या, काने मधेच तुटू लागले. एका पानावर तर पेन्सिलीच्या टोकाने कागद फाटला होता. खिचडीचे ताट कलंडायचे, खांदा आपोआप उडायचा, जरा बोलले की रडू आवरायचे नाही. पोरे तिला ‘नाचरी’ म्हणू लागली. मला वाटले, चाळे करते. घरच्यांना वाटले, बाहेरचे काही लागले. गळ्यात गंडा आला.

शेवटी तालुक्याच्या बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी आपली दोन बोटे तिला घट्ट धरून ठेवायला सांगितली. मूठ आवळायची, सुटायची, पुन्हा आवळायची. ‘‘धार काढल्यासारखं करतीय,’’ आई म्हणाली. डॉक्टर म्हणाले, आमच्या पुस्तकातही हीच उपमा आहे. झोपेत काय होते, असे विचारल्यावर आई म्हणाली, ‘‘झोपली की अगदी शांत.’’ मग त्यांनी विचारले, ‘‘मधे घसा दुखला होता का?’’ गणपतीत दुखला होता. हळदीचे दूध दिले, चार दिवसांत उतरला.

हा सिडनहॅम कोरिया नावाचा आजार. घशात स्ट्रेप्टोकोकस जंतूंचा संसर्ग होतो, शरीर त्यांच्याशी लढायला प्रतिपिंडे तयार करते आणि तीच मेंदूतल्या हालचाली सांभाळणाऱ्या भागावर उलटतात. मधे महिना-दोन महिने, कधी सहा महिनेही गेलेले असतात, त्यामुळे घशाचा आणि हाताचा संबंध कोणाच्या ध्यानात येत नाही. बहुधा 5 ते 15 वर्षांच्या मुलांना होतो, त्यातही मुलींना जास्त. थॉमस सिडनहॅम या इंग्रज डॉक्टरांनी 1686 मध्येच याचे वर्णन लिहून ठेवले आहे. मी 22 वर्षे शिकवते आहे आणि हे नाव त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले.

हालचाली बहुतेकदा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत थांबतात, तिच्याही थांबल्या. खरी भीती हृदयाची. घशाच्या अशा संसर्गानंतर येणाऱ्या रुमॅटिक तापाचेच हे एक रूप, आणि तो ताप हृदयाच्या झडपा खराब करतो. तिच्या इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, एक झडप थोडी गळताना दिसली. म्हणून दर 21 दिवसांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन, तेही डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे पंचविशीपर्यंत. हात शांत झाला म्हणून ते सोडायचे नाही. पुन्हा तोच संसर्ग झाला तर झडपेवर नवा घाव बसू शकतो.

आपोआप होणारी प्रत्येक हालचाल याच आजाराची नसते. मुलांमधली ‘टिक’, म्हणजे सारखे डोळे मिचकावण्यासारखी हालचाल, क्षणभर तरी दाबून धरता येते. बहुधा मोठेपणी सुरू होणारा हंटिंग्टनचा आजार आनुवंशिक. आई किंवा वडिलांना असला तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी. झोकांड्या जातात म्हणून अशा माणसाला लोक दारुडा ठरवून मोकळे होतात, याचे फार वाईट वाटते. निदान डॉक्टरांनीच करायचे. पण मुलाची वही रोज आम्हा शिक्षकांच्याच हातात असते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत वर्षातून एकदा येते. रुमॅटिक हृदयरोग त्यांच्या तपासणीच्या यादीत आहे. पण पथक येऊन गेल्यावर मुलाचा हात उडू लागला, तर कोण बघणार? आसपासच्या शाळांच्या शिक्षकांची केंद्रपातळीवर शिक्षण परिषद होते, तिथे यासाठी डॉक्टरांना अर्धा तास बोलवावे, अशी माझी शिक्षण विभागाला कळकळीची विनंती आहे.

आणि ते इंजेक्शन जवळच्या आरोग्य केंद्रात हमखास मिळावे. 21 दिवस म्हणजे तिचा दर तिसरा सोमवार. दोनदा केंद्रात इंजेक्शन नव्हते, तेव्हा आई मजुरी बुडवून तिला एसटीने तालुक्याला घेऊन गेली. ती आता सहावीत आहे. येत्या सोमवारी 34वे इंजेक्शन आहे.

– एक प्राथमिक शिक्षिका, जि. पुणे