तो पंखा तुम्ही भिंतीकडे वळवला

मॅडम,

सप्रेम नमस्कार. मी चोपडा तालुक्यातली गिरणीवाली. तुमच्याकडे रोज एवढे केसपेपर येतात (केस नसलेल्या बाईचाही केसपेपरच निघतो, याचं मला त्या दिवशी हसू आलं होतं), त्यात मी लक्षात असेनच असं नाही. पण हिरवा स्कार्फ, सोबत बारावीतली मुलगी आणि बोलताना सारखे डोळे पुसणारी बाई म्हटलं तर कदाचित आठवेल. मी रडत नव्हते. ते तुम्ही ओळखलंत, म्हणून हे पत्र.

मे महिना होता. जळगावचा मे म्हणजे तुम्हाला सांगायला नको. एसटीनं तापीचा पूल ओलांडला तेव्हाच स्कार्फ ओला झाला होता. तुमच्या टेबलाशेजारी एकच उभा पंखा, आणि तो पेशंटच्या स्टुलाकडे तोंड करून. मी बसले आणि डोळे चुरचुरायला लागले. तुम्ही केसपेपर वाचत होतात. तो खाली ठेवलात, उठलात, पंख्याची मान धरून भिंतीकडे वळवलीत आणि म्हणालात, "पापण्या नाहीत ना, वारा टोचत असेल."

मग विचारलंत, नाकातून पाणी गळतं का, घाम सरळ डोळ्यांत उतरतो का. मी नुसती बघत राहिले. चार वर्षांत ज्यानं त्यानं मला एकच विचारलं होतं, केस कुठे गेले. ते केस काय काम करत होते, हे पहिल्यांदा तुम्ही विचारलंत. त्यानंतर अर्धा तास तुम्ही घाम पुसत बोलत होतात आणि पंखा भिंतीला वारा घालत होता.

मागचं थोडं सांगते, तेव्हा घाईत राहून गेलं होतं. २०२१च्या पावसाळ्यात कानामागे रुपयाएवढी चाई पडली, तेवढ्या जागचे केसच गेले. सासूबाईंनी लसूण चोळला. चाई आमच्याकडे नवीन नाही, कुणाच्या दाढीत पडते, कुणाच्या डोक्यात, आणि बऱ्याच जणांची आपोआप भरूनही येते. माझी भरली नाही. दिवाळीपर्यंत रोज सकाळी उशी झाडावी लागे. संक्रांतीला डोकं साफ होतं आणि भुवयाही गेल्या होत्या. मग पापण्या, हातापायावरची लव, सगळंच. "तुले काय व्हयनं व माय?" एवढंच सासूबाई म्हणत राहायच्या. डोक्यावर पदर घ्यायची रीत मला तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा आवडली, पण पदर काही भुवयांवर ओढता येत नाही. पेन्सिलनं काढलेल्या भुवया उन्हाळ्यात दुपारपर्यंत गालावर येतात.

त्या संक्रांतीच्या हळदीकुंकवात एका बाईचा कुंकवाचा अंगठा माझ्या कपाळासमोर हवेतच थांबला. भुवया नाहीत तर मधली जागा कुठली, हे तिला कळेना. शेवटी तिनं जरा वरच टेकवलं. तिचा राग नाही आला, ती बिचारी गोंधळली होती. राग आला तो मागे बसलेल्या दोघींचा. माझा नवरा ठणठणीत, गिरणीचा पट्टा ओढतोय, आणि या कुजबुजत होत्या, "हिला कुंकू लावायचं का?" बोडकं डोकं दिसलं की अजून आमच्या बायकांना काय आठवतं, ते तुम्हाला ठाऊक असेलच.

गिरणीची गंमत वेगळीच. पिठात केस पडतील म्हणून बायका डबे घेऊन दुसरीकडे जायला लागल्या. अहो, साऱ्या गावात हीच एक गिरणी अशी, जिथं गिरणीवालीचा केस पिठात सापडणं शक्यच नाही! पण सांगणार कुणाला? आमच्या आळीत श्रावणात कानबाई देवी बसते, तिच्या नैवेद्याच्या रोटांचे गहू दरवर्षी माझ्याकडेच यायचे. त्या श्रावणात दोन घरं आली. एक म्हातारेबाबा तेवढे दादर ज्वारीची पिशवी घेऊन नेमानं येत राहिले. कुणीतरी त्यांना हटकलं तर म्हणाले, "मला दाणे दळायचेत, तिचे केस मोजायचे नाहीत."

डॉक्टरांचं म्हणाल, तर एकांनी मान वर न करता 'टेन्शन घेऊ नका' सांगून पाठवलं. टेन्शन केस गेल्यावर आलं होतं, आधी नव्हतं. मोठ्या शहरातल्या एका केसांच्या क्लिनिकनं सहा महिन्यांचं पॅकेज गळ्यात बांधलं. पस्तीस हजार गेले, आणि पिशवीत निघाले तेल, सीरम आणि शाम्पू. शाम्पू! कशाला लावू, भिंतीला? तिथल्या गोड बोलणाऱ्या मुलीनं फोटो मात्र चारही बाजूंनी काढले.

त्यात जानेवारी २०२५ मध्ये बुलढाण्याकडच्या बातम्या आल्या. शेगाव तालुक्यातल्या गावांत माणसांचे केस दोन-चार दिवसांत हातात येत होते. पुढे रेशनच्या गव्हात सेलेनियम जास्त असल्याचं छापून आलं. गहू म्हटल्यावर माझं काय झालं असेल, तुम्हीच बघा. गावानं निकालच लावला, गिरणीत काहीतरी आहे.

तुमच्यासमोर मी हेच आधी विचारलं, माझ्यामुळे कुणाला होईल का? तुम्ही माझी नखं बघत होतात. त्यांच्यावर सुईनं टोचल्यासारखे बारीक खड्डे होते, मी कधी नीट पाहिलेही नव्हते. तुम्ही म्हणालात, हा रोग कुणाकडून आला नाही आणि कुणाकडे जाणार नाही, शेगावचं वेगळं, हे वेगळं. मग नाव सांगितलंत, अ‍ॅलोपेशिया युनिव्हर्सॅलिस. मुलीनं वहीत लिहून घेतलं. आपल्या रक्तातल्या, रोगाशी लढणाऱ्या पेशीच केसांच्या मुळांना परकं समजून त्यांच्यावर तुटून पडतात, म्हणालात. एरवी केसाचं मूळ त्यांच्या नजरेआड असतं, तो आडोसा गेला की हे होतं. शंभरातल्या दोघांना कधी ना कधी चाई पडते, पण अंगावरचा शेवटचा केस जाईपर्यंत फार थोड्यांचं जातं. मी म्हटलं, म्हणजे कुंपणच शेत खातंय. तुम्ही हसलात. "हे मी आता बाकीच्यांनाही सांगणार," म्हणालात. तुम्ही सांगता का हो खरंच?

आणि मुळं मेलेली नाहीत, हेही तुम्ही सांगितलंत. झोपलीत. त्यावर माझ्या मुलीनं विचारलं, केळीच्या कंदासारखं का? आमच्याकडे घड कापला, खोड गेलं, तरी जमिनीतला कंद जिवंत असतो आणि पिलबाग, म्हणजे पुढचं पीक, त्याच्यावरच येते. तुम्ही बाहेरगावच्या, तुम्हाला पिलबाग माहीत नव्हती. तुम्ही तिला दोनदा विचारून समजून घेतलीत. पुढे पाच-पन्नास माणसं ताटकळत असताना डॉक्टर माझ्या पोरीकडून केळी शिकत होत्या. घरी येईपर्यंत ती एसटीत हेच बोलत होती.

गोळ्यांचंही तुम्ही कुठे रंगवून सांगितलं नाहीत. मूळच्या संधिवाताच्या औषधांतल्या या. २०१४ साली अमेरिकेत येल विद्यापीठातल्या डॉक्टरांनी सोरायसिस असलेल्या एका पंचविशीतल्या तरुणाला दिली, त्याच्याही अंगावर केस नव्हते, आणि ते आले. तिथल्या सरकारनं या रोगासाठी पहिली गोळी मंजूर केली ती थेट २०२२ मध्ये. म्हणजे माझी चाई पडली तेव्हा मंजूर गोळीच नव्हती. हे ऐकून मला केवढं हलकं वाटलं! चार वर्षं मी स्वतःलाच बोल लावत होते, वेळेवर गेले असते तर, अमकं तेल लावलं असतं तर. येतील, नाही येणार, आलेले गोळी थांबवल्यावर पुन्हा जातील, तिन्ही गोष्टी तुम्ही एका दमात सांगितल्यात. पॅकेजवाल्यांना यातली एकही सुचली नव्हती.

पण गोळ्यांच्या आधी तुम्ही लिहून दिलात तो साधा, बिननंबरचा चष्मा, डोळ्यांत घालायचे थेंब आणि नाकपुड्यांना आतून बोटभर व्हॅसलीन. जात्यासमोर दिवसभर उभी असते मी. पीठ उडून डोळ्यांत जातं, नाकात जातं, संध्याकाळी डोळे कुंकवासारखे लाल. पहिल्या दिवशी चष्मा लावून दळण काढलं आणि रात्री डोळे लाल नव्हते. त्या रात्री मी रडले. तेव्हा खरंच रडले.

आता तीन महिने झाले. डोकं तसंच आहे. डाव्या भुवईच्या जागी पांढरी लव दिसतेय, आधी पांढरेच येतात असं तुम्ही म्हणाला होतात. नवरा रात्री बॅटरी लावून मोजतो. तो म्हणतो नऊ, मी म्हणते अकरा. यंदा रोटांचे गहू पाच घरांतून आले. पूर्वी वीसेक यायचे. म्हातारेबाबा अजून येतात, आणि आता मला चष्म्यावरून 'मास्तरीण' म्हणतात.

पुढच्या तारखेला येईन तेव्हा तुमच्यासाठी कळण्याचं पीठ आणणार आहे. नाही म्हणू नका, डॉक्टरांना काही देऊ नये म्हणतात पण पीठ चालत असेल. ज्वारी दादरच आहे, उडीद घरचे. मीठ दळतानाच टाकलंय, भाकरी करताना वरून घालू नका.

तुमची,
गिरणीवाली