साक्ष दिली, पण पुडी खिशातच होती

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पत्रांमध्ये एका गृहस्थांनी लिहिलं होतं की ख्रिस्ती लोक सभेत उभं राहून साक्ष देतात, प्रभूने माझी दारू सोडवली, एका रात्रीत मी बदललो, आणि दोन महिन्यांनी तोच गडी गुत्त्यावर दिसतो, मग हा बदल होतो तरी कुठे? पत्र खवचट होतं पण प्रश्न खोटा नव्हता. आमच्या चर्चच्या मंडळीत दोघातिघांना राग आला, एकाने तर निषेधाचं पत्र लिहायला घेतलं. मला काही राग आला नाही, कारण तो गडी मीच आहे. फक्त माझी दारू नव्हती, तंबाखू होती.

मी नगर जिल्ह्यातला (आता अहिल्यानगर, पण तोंडात अजून नगरच येतं), पेशाने शिक्षक, आता रिटायर. डीएडच्या होस्टेलला एकोणिसाव्या वर्षी चुना मळायला शिकलो. शाळेत इंटरव्हलची घंटा झाली की हात आपोआप खिशात जायचा, डोक्याला विचारायचासुद्धा नाही. २००६ साली आमच्याकडे कन्व्हेन्शन होतं, म्हणजे मोठी ख्रिस्ती सभा, मंडप वगैरे, बाहेरगावचे पाळक (चर्चचे धर्मगुरू) आले होते, तिसऱ्या रात्री मी स्टेजवर गेलो आणि सगळ्या मंडळीसमोर सांगितलं की प्रभूने माझी तंबाखू सोडवली. खोटं बोललो नव्हतो हो. नऊ दिवस झाले होते, एक चिमूट नव्हती खाल्ली. लोकांनी हालेलुया म्हटलं, म्हाताऱ्या बायांनी डोक्यावर हात ठेवले, हिच्या डोळ्यात पाणी आलं.

तिसऱ्या आठवड्यात आई आजारी पडली, दवाखान्याच्या बाहेर टपरी होती, आणि संपलं.

आता हे सांगायचं कोणाला? स्टेजवरून आभार मानून बसलो होतो. मग सुरू झाला लपवाछपवीचा संसार. पुडी स्कूटरच्या डिकीत, बाथरूमच्या खिडकीवर, एकदा तर हार्मोनियमच्या पेटीत. वेलदोडे खिशात कायम. हिला कळत होतं. शर्ट भिजवायच्या आधी खिशातली पुडी काढून कपाटावर ठेवून द्यायची, एक शब्द नाही बोलायची, आणि ते न बोलणं मला शिव्यांपेक्षा जास्त लागायचं. त्यात मी संडेस्कूल, म्हणजे चर्चमधला मुलांचा रविवारचा वर्ग, घ्यायचो. दहा आज्ञा पाठ करून घ्यायचो पोरांकडून, नववी आज्ञा, खोटी साक्ष देऊ नको, आणि तोंडाला वेलदोड्याचा वास. अशी अकरा वर्षं.

तंबाखू पाप आहे का, यावर आमच्यात भांडणं आहेत. बायबलमध्ये तो शब्दच नाही, येणार कुठून, ती अमेरिकेतून आली आणि आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणली. शरीर पवित्र आत्म्याचं मंदिर आहे हे वचन काढून पाळक लोक बोलतात ते बरोबरच आहे. पण मला विचाराल तर माझं पाप चिमटीत मावणारं नव्हतंच. चिमूट खाऊन मी हसतमुखाने आमेन म्हणत होतो ते पाप होतं. सवय एक होती, तिच्यावर खोटेपणाची दुसरी चढली आणि दुसरी पहिलीपेक्षा चिवट निघाली.

२०१७ ला दाढ दुखली म्हणून डेंटिस्टकडे गेलो, त्याने गालाच्या आत पांढरा चट्टा दाखवला आणि म्हणाला सर, किती वर्षं? तिथेही मी आधी म्हणालो की कधीतरी खातो. डॉक्टरशी खोटं, ते पण तोंड उघडं ठेवून! घरी येताना स्कूटर रस्त्याच्या कडेला लावून बराच वेळ बसलो.

त्या संध्याकाळी भजनातल्या एका दोस्ताकडे गेलो. हा आमचा मृदंगवाला, एके काळी भयंकर पिणारा, आता कित्येक वर्षं कोरडा, तालुक्याला एएच्या मीटिंगला जातो. एए म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस, १९३५ साली अमेरिकेत दोघा दारुड्यांनी सुरू केलेलं काम, त्यांच्या बारा पायऱ्यांमधली पाचवी अशी आहे की आपल्या चुका नेमक्या काय ते देवापुढे, स्वतःपुढे आणि आणखी एका माणसापुढे कबूल करायचं. मी त्याला म्हणालो मी रोज देवापुढे रडतो रे. तो म्हणाला, देवाला आधीच माहीत असतं, त्याला सांगायला तुझं काय जातं, माणसाला सांग. आणि बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातलं पाचव्या अध्यायातलं ते वचन काढलं, एकमेकांजवळ आपली पापं कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा. मी ते वचन मुलांना पाठ करायला दिलेलं होतं. स्वतः मात्र एकमेकांजवळ हा शब्द गाळूनच वाचत आलो होतो.

तर सांगितलं. आणि मग सुटली का? नाही. त्यानंतर चार वेळा परत खाल्ली. पण प्रत्येक वेळी त्याला फोन केला, आणि हा बाबा काही उपदेश करायचा नाही, एवढंच विचारायचा, किती वाजता खाल्लीस? त्याच्या आधी काय करत होतास? चारी वेळा उत्तर एकच निघालं, दुपारी चारचा चहा झाल्यावर, घरात एकटा असताना. इतक्या वर्षांत मी हे कधी बघितलंच नव्हतं, कारण मी फक्त रडत होतो, बघत नव्हतो. मग त्याने साडेचारला भजनाची प्रॅक्टिस लावली. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची पदं आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या टाळ-मृदंगावर गातात, आणि गालात तंबाखू धरून ती गाता येत नाहीत, करून बघा, पहिल्याच आलापाला ठसका लागतो.

हसू येईल तुम्हाला, पण माझी सुटका अशी झाली. रोज दुपारी, थोडी थोडी.

आमच्या शेजारच्या शेतकऱ्याच्या रानात लव्हाळा माजला होता. खुरपून काढला की आठ दिवसांत परत वर, कारण खाली गाठी राहतात. त्याच्या बापाने सांगितलं खुरपं ठेव आणि ताग दाट पेर, लव्हाळ्याला सावली सोसत नाही. गाठी एका हंगामात मरत नाहीत पण जोर कमी होतो. मला तेव्हा मत्तयाच्या शुभवर्तमानातला बारावा अध्याय आठवला, अशुद्ध आत्मा माणसातून निघून जातो, परत येऊन बघतो तर घर झाडलेलं, सजवलेलं आणि रिकामं, मग आपल्याहून वाईट असे सात सोबती घेऊन येतो. आम्ही घर झाडण्याची साक्ष देतो, घरात राहायला कोण आलं ते विचारत नाही. माझं घर २००६ ला एकदम चकाचक होतं आणि आत कोणी नव्हतं. प्रेषित पौलाने गलतीकरांना पत्रात प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता अशी यादी लिहिली तिला त्याने फळ म्हटलंय, आणि तिच्यात शेवटी इंद्रियदमन आहे. मी उभा जन्म शेवटाकडून सुरुवात करत होतो.

त्या पत्रवाल्या गृहस्थांना वाटतं की परत पडला म्हणजे आधीचं सगळं नाटक. गंमत म्हणजे आमच्यातले काही प्रचारकही अगदी हेच बोलतात, परत पडला म्हणजे तुझा नवा जन्म झालाच नव्हता. एका सभेत हे ऐकून एक तरुण मुलगा उठून गेला तो परत आलाच नाही. मी अशांना येशूचा शिष्य पेत्र याची गोष्ट सांगतो, कोंबडा आरवायच्या आत एका दासीसमोर घाबरून त्याने येशूला ओळखत नाही म्हटलं ती नाही, ती सगळ्यांना माहीत आहे. पुढची. कोंबड्यानंतर पेत्र रडला, प्रभूने त्याला परत जवळ केलं, पेन्टेकॉस्टच्या सणाला पवित्र आत्मा आला, हजारोंसमोर हा माणूस उभा राहिला, पुढे कर्नेल्य नावाच्या परक्या अधिकाऱ्याच्या घरी जाऊन आला. एवढं सगळं झाल्यावर अंत्युखिया शहरात तो परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहुदी नसलेल्यांच्या पंक्तीला जेवत होता, यरुशलेमहून तिथल्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची, अशी पंक्ती न चालणारी माणसं आली आणि हा हळूच पंक्तीतून बाजूला सरकला. लोक काय म्हणतील! दासीसमोर जी भीती होती तीच, फक्त कपडे बदलून आली. पौलाचा सोबती बर्णबासुद्धा त्याच्यामागे गेला. पौलाने त्याला तोंडावर सुनावलं, पण तुझा नवा जन्म झाला नाही असं काही म्हणाला नाही.

पंक्तीवरून नारायण वामन टिळकांच्या पत्नी, आपल्या लक्ष्मीबाई टिळक आठवतात. टिळकांनी फेब्रुवारी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधल्या काळात त्या टिळकांकडे परत आल्या तरी सोवळं सुटेना, वेगळी चूल, वेगळं पाणी. लहानपणापासून अंगात मुरलेलं ते, वादविवादाने थोडंच जाणार. विचार करत करत एक एक गाठ सुटत गेली, आणि हे सगळं बाईंनी स्वतःची खिल्ली उडवत लिहून ठेवलंय. मला ती साक्ष कुठल्याही मंडपातल्या साक्षीपेक्षा खरी वाटते.

‘अमेझिंग ग्रेस’ हे गीत लिहिणारा जॉन न्यूटन तर ऐकला असेल. मार्च १७४८ मध्ये अटलांटिकवर वादळात जहाज बुडायला आलं तेव्हा देवाला हाक मारली, तोच दिवस तो जन्मभर पाळत राहिला. पण त्यानंतरही १७५४ पर्यंत गुलामांच्या जहाजावर होता, कप्तानसुद्धा झाला, वर डेकवर खलाशांची उपासना घ्यायचा आणि खाली माणसं साखळदंडात. या धंद्याविरुद्ध त्याने उघड लिहिलं ते १७८८ साली. चाळीस वर्षं! वादळानंतर बराच काळ आपण पुरते विश्वासी नव्हतो हे त्याने स्वतःच मान्य केलं. आता यात मला दोन्ही दिसतं. देव सबुरीने घेतो हे दिसतं, आणि त्या सबुरीची किंमत खाली बांधलेल्या माणसांनी मोजली हेही दिसतं. म्हणून वाढ हळू होते हे वाक्य मी जपून वापरतो. दारुड्याच्या बायकोला हळू होईल असं सांगून पाळकाने घरी पाठवणं ही आध्यात्मिकता नाही, तिला आणि पोरांना आधी सुरक्षित जागी न्या मग त्याच्यासाठी प्रार्थना करा.

अजून एक, हे छापाच. आमच्यात काही लोक म्हणतात गोळ्या, डॉक्टर, समुपदेशन म्हणजे अविश्वास. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर हातपाय थरथरतात, भास होतात, फिट येते, जीव जाऊ शकतो. अशा माणसाला उपास-प्रार्थनेच्या खोलीत कोंडू नका, दवाखान्यात न्या आणि तिथे कॉटशेजारी बसून प्रार्थना करा, देव तिथेही ऐकतो. तंबाखूच्या पुडीवरच १८००-११-२३५६ हा सरकारी फुकट नंबर असतो, मी पुडी हातात धरायचो आणि नंबर वाचला नव्हता. शेवटी लावला. पलीकडच्या बाईंनीही तेच विचारलं, किती वाजता खाता?

मंडळीत सांगायला मात्र पुढचं दीड वर्ष गेलं. पाळकसाहेब म्हणाले गरज नाही, पण मला होती, कारण साक्ष तिथे दिली होती. एका रविवारी उपासनेनंतर उभा राहिलो आणि म्हणालो, २००६ ची साक्ष त्या रात्रीपुरती खरी होती, पुढची अकरा वर्षं खोटी होती, आणि आज पाच महिने झालेत, उद्याचं माहीत नाही. कोणी हालेलुया म्हटलं नाही. सगळं गार. मला वाटलं संपलो आता, संडेस्कूल पण गेलं. बाहेर लिंबाखाली चपला घालत होतो तर एक जण आला आणि हळूच म्हणाला, सर, माझा मटका अजून चालू आहे. मग दुसरा, शिकलेला, चांगल्या पदावरचा, म्हणाला माझा हात उठतो घरी. तिसरा काही बोललाच नाही, नुसता हात धरून उभा राहिला, आणि अजून त्याने मला सांगितलेलं नाही, मीही विचारलेलं नाही.

आता आम्ही सहा जण बुधवारी बसतो. स्टेज नाही, माईक नाही, चहा असतो. नीतिमान ठरणं (देवाने क्षमा करून स्वीकारणं) एका क्षणात आणि पवित्रीकरण (माणूस आतून बदलत जाणं) जन्मभर, हे मी पाठ्यपुस्तकासारखं शिकवायचो, आता ते बुधवारी डोळ्यासमोर बघतो, आणि बघायला ते फारसं सुंदर नसतं. मटकावाला मध्यंतरी सात महिने लांब होता, परवा परत लावून आला, आल्या आल्या सांगितलं. मृदंगवाल्याने विचारलं, किती वाजता? त्या पत्रवाल्या गृहस्थांनी एखाद्या बुधवारी खरंच यावं, वादासाठी आले तरी चालेल, पत्ता तुमच्याकडे देतो.

माझं नाव मात्र छापू नका. लपवायचं म्हणून नाही, मंडळीला सगळं माहीत आहे आणि हे पत्र हिने आधी वाचलंय, दोन ठिकाणी शुद्धलेखनही सुधारलंय. पण माझं नाव आलं की बुधवारचे बाकीचे पाच जण गावात लगेच ओळखू येतील, आणि त्यांचं सांगायचा हक्क माझा नाही.

आपला,
एक रिटायर शिक्षक
जिल्हा अहिल्यानगर